२३ मिमीचा मुतखडा, मधुमेह आणि ईएसबीएल कल्चर : पाठीतून काढायचा की लघवीच्या मार्गाने?

तालुका_ओपीडी

नमस्कार. रुग्ण ५८ वर्षांचे, शेतकरी, वजन ७४ किलो. डाव्या किडनीच्या खालच्या कॅलिक्समध्ये (किडनीतला लघवी जमणारा छोटा कप्पा) २३ × १६ × १४ मिमीचा खडा, घनता साधारण ११५० एचयू (सीटीवरचं टणकपणाचं माप), किडनीला किंचित सूज. क्रिएटिनिन १.३, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय, ईएसबीएल (म्हणजे बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारे जंतू), एक लाख कॉलनी. ताप नाही, अधूनमधून कंबरेत दुखतं एवढंच. गोळ्या : मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ, ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही. ॲस्पिरिन ‘शुगर आहे म्हणून’ कधीतरी सुरू झाली ती चालूच आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका सर्जननी पीसीएनएल (पाठीतून भोक पाडून खडा काढणं) सांगितली. दुसऱ्यांनी आरआयआरएस (लघवीच्या मार्गाने लवचिक दुर्बीण घालून), म्हणजे ‘लेसरने, बिनटाक्याची, दुसऱ्या दिवशी घरी’. घरचे साहजिकच दुसऱ्या बाजूला झुकलेत. मला विचारतात, ‘डॉक्टर, यात धोका कशात कमी?’

प्रश्न तीन. एक, या खड्याला कोणता मार्ग योग्य? दोन, पाठवण्याआधी मी इथे काय तयारी करून द्यावी? तीन, घरी आल्यावर (ऑपरेशनचं गाव इथून ९० किमी) कोणत्या लक्षणावर लगेच परत पाठवायचं आणि काय इथेच सांभाळता येईल? ‘युरोलॉजिस्टला विचारा’ हे उत्तर माहीत आहे. विचारायला पाठवण्याआधी स्वतःला कळावं म्हणून इथे लिहितोय.

खडेफोड

सर, मार्ग नंतर ठरवू, आधी क्रम. आज या माणसावर दोन्हींपैकी एकही शस्त्रक्रिया करू नये. कल्चर पॉझिटिव्ह असताना किडनीत दाबाने पाणी सोडणं म्हणजे जंतू रक्तात ढकलणं, मग ते पाणी पाठीतून सोडा नाहीतर खालून. ‘बिनटाक्याची’ या शब्दाने नातेवाईक फसतात ते इथेच. टाका नाही म्हणून जंतुसंसर्गाचा धोका कमी होत नाही. हल्ली या शस्त्रक्रियांमध्ये माणूस दगावतो तो बहुतेक वेळा सेप्सिसने, आणि त्याला कातडीवर भोक असावंच लागतं असं नाही.

आता मार्ग. खड्याची लांबी सगळे सांगतात, आकारमान कोणी काढत नाही. लांबी × रुंदी × जाडी × ०.५२ करा : तुमच्या खड्याचं उत्तर साधारण २,७०० घन मिमी. १२ मिमीचा गोल खडा ९०० घन मिमीच्या आसपास भरतो. म्हणजे लेसरला तिप्पट काम, आणि तेही ११५० एचयूच्या टणक खड्यावर. आरआयआरएसची लवचिक दुर्बीण अडीच ते तीन मिमी जाडीची. खालच्या कॅलिक्समध्ये जायला ती पूर्ण मुरडावी लागते, आणि मुरडलेल्या अवस्थेत पाण्याचा प्रवाहही घटतो आणि हातातली ताकदही. छोटा खडा असता तर बास्केटने (तारेच्या जाळीने) उचलून वरच्या कॅलिक्समध्ये नेऊन तिथे आरामात फोडता आला असता. २३ मिमीचा अख्खा खडा त्या अरुंद मानेतून वर येत नाही.

म्हणूनच युरोपियन युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २० मिमीच्या वरच्या खड्याला पहिली पसंती पीसीएनएल आहे. आरआयआरएस चालते, पण दोन बैठकींची तयारी ठेवून. दोन बैठका म्हणजे दोन भुली, दोनदा जंतूंची जोखीम आणि मध्ये काही आठवडे डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली नळी). नातेवाईकांनी तुलना करायची तर एका पीसीएनएलची दोन आरआयआरएसशी करावी. बाहेरून लहरी मारून फोडायचा मार्ग इथे बादच : १००० एचयूच्या वर खडा नीट फुटत नाही आणि खालच्या कॅलिक्समधला चुरा गुरुत्वाकर्षणामुळे तिथेच बसून राहतो.

पीसीएनएलची भीती रक्तस्रावाची असते आणि ती खोटी नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या क्रोज जागतिक अभ्यासात ९६ केंद्रांतले ५,८०३ रुग्ण होते. त्यात रक्त चढवावं लागलं ५.७ टक्क्यांना, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला १०.५ टक्क्यांना, फुप्फुसाच्या आवरणात पाणी गेलं १.८ टक्क्यांत. खडामुक्ती ७५.७ टक्के. ७९.५ टक्के रुग्णांत कोणतीच गुंतागुंत नोंदली गेली नाही. पण हे आकडे मुख्यतः ८ ते १० मिमी जाडीच्या मार्गांचे. आज या खड्याला १६ ते १८ फ्रेंचचा, म्हणजे साडेपाच-सहा मिमीचा मिनी मार्ग पुरतो. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी हे लक्षात ठेवलं की सगळे आकडे उलगडतात. ३० फ्रेंचच्या भोकाचं क्षेत्रफळ ७८ चौरस मिमी, १८ फ्रेंचचं २८. मार्ग बारीक, तसा रक्तस्रावही कमी.

शिवाय खालच्या कॅलिक्सची सुई बाराव्या बरगडीच्या खालून जाते, त्यामुळे छातीच्या पोकळीला धक्का लागण्याचं भय इथे फारसं नाही. अकराव्या बरगडीवरून जायची वेळ आली असती तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो.

लवचिक_दुर्बीण

खडेफोड सरांचं निम्मं मान्य. ‘२० मिमीच्या वर पीसीएनएल’ हा नियम झाला तेव्हा सक्शनची लवचिक शीथ (दुर्बीण जिच्यातून आत जाते ती नळी) नव्हती. आता शीथचं टोक दुर्बिणीबरोबर वाकून कॅलिक्सच्या तोंडापर्यंत जातं आणि भुगा तिथेच ओढून घेतं. थुलियम फायबर लेसरने भुगाही पिठासारखा बारीक होतो. २०-२५ मिमीच्या खड्यात एका बैठकीत काम होण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे.

अर्थात अट आहे. सीटीवर खालच्या कॅलिक्सचा किडनीच्या मुख्य पोकळीशी होणारा कोन बघा. तो ३० अंशांच्या आत असेल आणि मान लांब-अरुंद असेल तर मी स्वतःच मिनी पीसीएनएल सुचवेन. कोन मोकळा असेल तर दोन्ही मार्ग खुले. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत आणि थांबवता येत नाहीत असा रुग्ण असता तर वादच नव्हता, आरआयआरएसच. इथे तसं नाही.

आणखी एक. शीथ घालताना मूत्रवाहिनीला होणारी इजा कमी लेखू नये. १२/१४ फ्रेंचची शीथ वापरलेल्या ३५९ रुग्णांमध्ये शेवटी मूत्रवाहिनी तपासली तेव्हा ४६.५ टक्क्यांत कुठे ना कुठे ओरखडा होता, आणि १३.३ टक्क्यांत तो स्नायूच्या थरापर्यंत गेलेला. हा २०१३चा अभ्यास. ज्यांना आधी स्टेंट घातला होता त्यांच्यात खोल इजा कितीतरी कमी होती. म्हणून शीथ सहज जात नसेल तर जोर लावायचा नाही. डीजे घालून बाहेर यायचं आणि दोन आठवड्यांनी परत जायचं. ‘ऑपरेशन झालंच नाही, नुसती नळी घातली’ अशी तक्रार घेऊन रुग्ण तुमच्याकडे आला तर त्याला सांगा की सर्जनने योग्य केलं.

काळीपांढरी

रेडिओलॉजीच्या बाजूने. रिपोर्टमध्ये ‘लेफ्ट लोअर कॅलिक्स कॅल्क्युलस २३ मिमी’ एवढंच असेल तर परत पाठवा. पीसीएनएलसाठी हवं ते असं : तिन्ही मापं, घनता, कॅलिक्सचा कोन, किडनीच्या मागे आतडं आलंय का, प्लीहा खाली उतरलीये का, आणि फुप्फुसाची खालची कड कुठवर येते. डाव्या बाजूला, बारीक माणसात, खालच्या ध्रुवापाशी मोठं आतडं किडनीच्या मागे सरकलेलं सापडतं, आणि पालथं झोपवल्यावर ते आणखी मागे येऊ शकतं. सुई त्यातून गेली तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळेलच असं नाही. दोन-तीन दिवसांनी नळीतून वायू किंवा मळ आला की कळतं. पेशंट ७४ किलोचा आहे, तेव्हा शक्यता कमी, पण सीटी हातात असताना न बघण्यात काय अर्थ?

सोनोग्राफीने घेतलेलं माप धरून मार्ग ठरवू नका. सोनोग्राफी छोटे खडे फुगवून दाखवते.

तालुका_ओपीडी

सीटी परत बघितला. रेडिओलॉजिस्टशी बोललो, कोन साधारण ३५ अंश म्हणाले, आतडं मागे नाही. म्हणजे अजून अधांतरीच. तयारीबद्दल सांगा. ईएसबीएल आहे, तोंडावाटे काय चालेल? नायट्रोफ्युरँटॉइन सेन्सिटिव्ह आलंय.

खडेफोड

नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या जळजळीला उत्तम, किडनीतल्या संसर्गाला नाही. ते लघवीत उतरतं, पण रक्तात आणि किडनीच्या पेशींत पुरेशी पातळी होत नाही. नेमकं जे भय आहे ते रक्तात जाणाऱ्या जंतूंचं. तेव्हा एकट्या त्याच्यावर विसंबू नका. सेन्सिटिव्हिटीत अर्टापेनेम असेल तर १ ग्रॅमचं इंजेक्शन दिवसातून एकदा, तालुक्यातही देता येतं, ॲडमिट करावं लागत नाही. १.३ क्रिएटिनिनला डोस कमी करायची गरज नाही. किती दिवस आणि कधी सुरू करायचं ते ऑपरेशनच्या तारखेशी जोडून ठरवा. कोर्स आज संपवला आणि ऑपरेशन तीन आठवड्यांनी झालं तर सगळं मुसळ केरात. खडा आत आहे तोवर जंतू परत येणारच, ते खड्याच्या फटींत राहतात. कोर्स चालू असताना किंवा संपताक्षणी ऑपरेशन, असं गणित बसवा.

आणि कल्चर निगेटिव्ह आलं तरी निर्धास्त होऊ नका. तुम्ही तपासता ती मूत्राशयातली लघवी, खड्याच्या मागे साचलेली लघवी वेगळी असू शकते. म्हणून ऑपरेशनमध्ये किडनीतली लघवी आणि खड्याचा तुकडा दोन्ही कल्चरला जायला हवेत. पुढे ताप आला तर कोणतं औषध द्यायचं ते त्या रिपोर्टवर ठरतं. नातेवाईकांनी सर्जनला विचारावा असा एकच प्रश्न निवडायचा झाला तर मी हा निवडेन : ‘खड्याचं कल्चर पाठवणार का?’ दुसरा प्रश्न : ‘सुई घातल्यावर गढूळ लघवी किंवा पू आला तर काय कराल?’ त्याचं उत्तर ‘नळी ठेवून थांबू’ असंच यायला हवं. खडा पळून जात नाही.

मध्येच थंडी वाजून ताप आला तर मात्र तारखेची वाट बघायची नाही. अडलेली, तुंबलेली किडनी आणि ताप म्हणजे त्याच दिवशी स्टेंट किंवा पाठीतून नळी, आणि खड्याला हातही लावायचा नाही.

भूलवाला

औषधांबद्दल माझा भाग. डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद. हे राहून जातं, कारण प्रिस्क्रिप्शनवर ते ‘शुगरची गोळी’ म्हणून मेटफॉर्मिनच्या शेजारी, कधी एकाच गोळीत मिसळलेलं असतं. बंद न केल्यास उपाशीपोटी कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊ शकतो आणि तोही साखर १८०-२०० असताना. ऑपरेशननंतर रुग्ण धापा टाकतोय, उलट्या करतोय, साखर बरी दिसतेय म्हणून सगळे सेप्सिस शोधत बसतात. अशा वेळी रक्तातले कीटोन आणि एबीजी (धमनीच्या रक्तातल्या आम्लाची आणि वायूंची तपासणी) बघा. तीन दिवसांच्या खंडात साखर वाढली तर इन्सुलिनने सांभाळा.

एचबीएवनसी ८.६ मला आवडलेलं नाही. अडलेलं मूत्रपिंड किंवा ताप नसेल तर तीन-चार आठवडे थांबून साखर आवरलेली बरी. एचबीएवनसी तेवढ्यात फारसं हलणार नाही, रोजची साखर मात्र हलेल, आणि जंतूंना तीच कळते.

ॲस्पिरिन : हृदयात स्टेंट असता तर ७५ मिग्रॅ चालू ठेवून शस्त्रक्रिया करता आली असती, तसं करतातही. इथे हृदयविकारच नाही, तेव्हा ५ ते ७ दिवस आधी बंद. खरं तर ती परत सुरू करायची का, हाही विचार तुम्हीच करा सर.

पालथं झोपवण्याबद्दल घरचे विचारतील. छाती आणि ओटीपोटाखाली उशा, पोट मोकळं लोंबतं ठेवायचं, नाहीतर श्वासाचा दाब वाढतो आणि रक्तस्रावही. मान सरळ, डोळ्यांवर दाब नाही, कोपरं ९० अंशांच्या आत. उलथंपालथं करताना श्वासनलिकेतली नळी सरकणं हा सगळ्यात नाजूक क्षण, तेव्हा ओटीत कोणी गप्पा मारू नयेत. काही केंद्रं उताणं ठेवूनच पीसीएनएल करतात. जाड किंवा दमेकरी माणसात भुलीच्या दृष्टीने ते सोयीचं, आणि त्याच वेळी खालूनही दुर्बीण घालता येते.

पीसीएनएलमध्ये १०-२० लिटर सलाईन सहज वाहून जातं. ते थंड असेल तर तासाभरात रुग्ण थंड पडतो, थरथरतो, रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. म्हणून सलाईन ३७ अंशांना कोमट. आणि टांगलेल्या बाटल्यांतून बादलीत जमलेलं पाणी वजा करत राहायचं. लिटरभर हिशेब लागेना झाला की सर्जनला सांगायचं, पाणी पोटात किंवा छातीत जातंय. सलाईनमुळे सोडियम उतरत नाही, प्रोस्टेटच्या जुन्या ग्लायसीनवाल्या शस्त्रक्रियेत उतरायचं तसं. पण पाणी ते पाणीच, फुप्फुसात भरतं.

ओटी_नंबर_दोन

भूलवाला सरांचं कोमट सलाईन पीसीएनएलला बरोबर. आरआयआरएसमध्ये लेसर चालू असताना तेच कोमट सलाईन घात करतं, म्हणून मध्ये पडतो.

हिशेब करून बघा. लेसर २० वॉटवर सलग चालला तर मिनिटाला १,२०० जूल उष्णता. पाणी मिनिटाला १० मिली वाहत असेल तर ते साधारण २९ अंशांनी तापणार. ४० मिली वाहत असेल तर ७ अंशांनी. आता २५ अंशांचं सलाईन असेल तर पहिल्या बाबतीत ५४, दुसऱ्यात ३२. तेच सलाईन ३७ ला गरम करून टांगलं तर चांगला प्रवाह असूनही ४४. ४३ अंशांच्या वर पेशी भाजायला लागतात, आणि जितका वेळ तितकी इजा जास्त. प्रत्यक्षात लेसर सलग चालत नाही आणि शरीरही थोडी उष्णता ओढून घेतं, पण दिशा हीच. म्हणून आरआयआरएसला सलाईन ओटीच्या तापमानाचं, लेसर काही सेकंद मारून सोडायचा, आणि प्रवाह थांबला की पेडलवरून पाय काढायचा. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी मूत्रवाहिनी आकसते त्यातल्या काहींचं मूळ या भाजण्यात असतं.

दाबाचं गणितही असंच सोपं. बाटली किडनीच्या पातळीपासून ४० सेंमी वर असेल तर वाट बंद झाल्यावर आतला दाब साधारण ३० मिमी पारा. १०० सेंमी वर असेल तर ७४. ३० ते ४० च्या पुढे लघवी उलटी शिरांमध्ये शिरते, जंतूंसकट. आणि ‘दिसत नाही, जरा फ्लश मार’ म्हटल्यावर हाताने सिरिंज दाबली की शंभराच्याही वर जातो. पाणी परत यायला वाट हवी. शीथच्या आतल्या व्यासाच्या पाऊणपट किंवा त्याहून बारीक दुर्बीण असावी. १० फ्रेंचच्या शीथमध्ये ७.५ ची चालते. १२ च्या शीथमध्ये ८.५ चालते, ९.५ घातली की पाणी आतच कोंडतं. मिनी पीसीएनएलचीही हीच मेख आहे : मार्ग बारीक केला, रक्त कमी गेलं, पण परतीची वाट अरुंद झाली. म्हणून मिनीला सक्शनची शीथ असेल तर दुधात साखर. बारीक तेवढं सुरक्षित हे सरसकट खरं नाही.

दुर्बिणीच्या स्वच्छतेबद्दल नातेवाईक कधी विचारत नाहीत, विचारायला हवं. आधी लीक टेस्ट, मग वाहिनीतून ब्रश, मग रसायन. लीक टेस्ट न करता बुडवली तर द्रव आत शिरून दुर्बीण मरते आणि पुढच्या रुग्णाला आधीच्याचे जंतू जातात. ऑर्थो-थॅलाल्डिहाइडमध्ये बुडवलेली दुर्बीण भरपूर पाण्याने तीनदा धुवायची. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी वारंवार दुर्बीण घालून घेणाऱ्या रुग्णांना तर त्या रसायनाची जीवघेणी ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, त्यांच्यासाठी ते वापरायचंच नाही. आणि लेसरचा फायबर दुर्बीण सरळ असतानाच सरकवायचा. मुरडलेल्या दुर्बिणीत ढकलला तर तो आतून भोक पाडतो. त्याची किंमत ज्यानं एकदा भरली तो विसरत नाही.

तालुका_ओपीडी

फार उपयोगी. आता तिसरा प्रश्न राहिला. घरी आल्यानंतर?

खडेफोड

पहिले ४८ तास सेप्सिसचे, पुढचे तीन आठवडे रक्ताचे. घड्याळ असं विभागून ठेवा.

स्टेंट आत असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर ‘दोन दिवस गोळी घेऊन बघू’ नाही. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, माणूस गोंधळलेला, यातली दोन दिसली की शिरेवाटे अँटिबायोटिक तिथेच सुरू करा, सलाईन लावा आणि मगच गाडी काढा. ९० किमी म्हणजे दोन तास, पहिला डोस गाडीत बसण्याआधी जायला हवा. कोणता, ते खड्याच्या कल्चरवरून. डिस्चार्ज कार्डवर कल्चरचा निकाल नसेल तर फोन करून मागून घ्या. पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी एकदम ३,००० च्या खाली उतरल्या तर ते आणखी वाईट लक्षण, त्यावर ‘काउंट वाढलेला नाही’ म्हणून हायसं वाटून घेऊ नका.

रक्ताबद्दल. स्टेंट असताना चालल्या-फिरल्यावर लघवी गुलाबी, सरबताच्या रंगाची होणं नेहमीचंच. पाणी प्या, विश्रांती घ्या, बरं होतं. गुठळ्या पडायला लागल्या, लघवी टोमॅटो सॉससारखी दाट झाली किंवा अडली तर तो वेगळा खेळ. पीसीएनएलनंतर पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुईच्या मार्गातल्या धमनीला फुगा धरून तो फुटू शकतो. त्याची खूण म्हणजे रक्त थांबतं, दोन दिवस बरं जातं, परत येतं. थांबलं म्हणून निश्चिंत झालात की फसलात. शिरेत जाड सुई, हिमोग्लोबिन, रक्तगट, मूत्राशय गुठळ्यांनी भरलं असेल तर २२ फ्रेंचची तीन तोंडांची नळी घालून धुणं, आणि जिथे अँजिओग्राफी करून धमनी बुजवायची सोय आहे अशाच ठिकाणी पाठवणं. नुसत्या मोठ्या हॉस्पिटलात नाही, कॅथलॅब आहे का ते आधी विचारून. तारेने धमनी बुजवली की बहुतेकांचं रक्त थांबतं आणि किडनी वाचते. ट्रानेक्झॅमिक ॲसिड ऑपरेशनच्या सुरुवातीला उपयोगी, पण घरी अशा गुठळ्यांवर देत बसलात तर गुठळ्या घट्ट होऊन किडनीची वाट अडते.

तुमच्याकडेच सांभाळण्यासारखं : लघवी करताना कंबरेत कळ येणं. स्टेंटमधून लघवी वर जाते म्हणून येते, जोर न लावता, तुंबवून न ठेवता करायला सांगा. टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ रात्री. तरीही सारखी लागत असेल तर मिराबेग्रॉन किंवा सोलिफेनासिन. डायक्लोफेनॅक मात्र नको, मधुमेह आणि क्रिएटिनिन १.३ असताना किडनीवर आणखी भार कशाला? पॅरासिटामॉल.

लवचिक_दुर्बीण

एक पुस्ती. खडा गेला की नाही हे एक्स-रे आणि सोनोग्राफीवर ठरवलं तर आकडे नेहमी छान येतात. ‘९५ टक्के यश’ म्हणणाऱ्याला विचारा की कशाने मोजलं, आणि किती मिमीपर्यंतचा तुकडा ‘खडामुक्त’ धरला. जुनी सवय ४ मिमीपर्यंत माफ करण्याची आहे. पण ४ मिमीचा तुकडा याच रुग्णात, जंतू असलेल्या खड्याचा, म्हणजे पुढच्या खड्याचं बी. एक ते तीन महिन्यांत कमी किरणांचा सीटी, आणि तुकड्याचं रासायनिक विश्लेषण.

कोन ३५ असल्याने माझं मत : ज्या केंद्रात सक्शनची शीथ आणि ती रोज वापरणारा हात आहे तिथे आरआयआरएस वाजवी. नसेल तर मिनी पीसीएनएल. दोन्ही सर्जन चुकीचे नाहीत, ज्याच्या हाताला जे रोजचं आहे ते त्यांनी सांगितलं. नातेवाईकांना सांगा, ‘महिन्याला अशा किती करता, आणि दुसरी बैठक लागली तर खर्च कोणाचा?’ हे दोन्हीकडे विचारा.

खडेफोड

खर्चाचं आलंच आहे तर, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत दुर्बिणीने खडा काढायची पॅकेजेस आहेत. संलग्न रुग्णालय आहे का आणि स्टेंट काढणं त्याच पॅकेजमध्ये धरलंय का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला विचारावं. स्टेंट विसरण्याचं मोठं कारण वेगळा खर्च हेच असतं. दुखायचं थांबलं, शेतीची कामं निघाली, पैसे नाहीत, आणि वर्षाने सोनोग्राफीत दिसतं की नळीवरच खडे चढलेत. मग एक नळी काढायला तीन शस्त्रक्रिया. नेहमीची नळी तीन महिन्यांच्या पुढे आत ठेवायची नाही.

तालुका_ओपीडी

ठरलं ते असं. ॲस्पिरिन आजपासून बंद, साखर इन्सुलिनवर आणतो, तीन आठवड्यांनी कल्चर परत. ऑपरेशनच्या तारखेवरून मागे मोजून अर्टापेनेम, डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद. दोन्ही सर्जनना शीथ, खड्याचं कल्चर आणि महिन्याचा आकडा विचारायला मुलाला कागदावर लिहून दिलंय. स्टेंट काढायची तारीख मी माझ्याच रजिस्टरला लाल पेनने लिहीन, आशाताईंनाही सांगून ठेवतो. स्टेंट काढायच्या दिवशी परत कल्चर लागतं का?

खडेफोड

या रुग्णात हो. चार-पाच दिवस आधी पाठवा, म्हणजे निकाल हातात येतो. आणि काढताना एक डोस कल्चरप्रमाणे. पाच मिनिटांचं काम आहे म्हणून ते तसंच उरकतात, आणि ताप घेऊन रुग्ण रात्री तुमच्या दारात उभा राहतो.

भूलवाला

आणि त्या दिवशीही डापाग्लिफ्लोझिनची चौकशी करा. नुसतं जेल लावून काढणार असतील तर प्रश्न नाही, पण भूल देऊन, उपाशी ठेवून काढणार असतील तर तेच तीन दिवस.